जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतलीत? आधी इंजिन धुऊ नका

पुणे, मुंबई, गोवा, बेंगळुरू, चारही बाजूंनी आपल्या बेळगाव भागात जुन्या पण दमदार गाड्या येतात. लॉरा आरएस, ऑक्टाव्हिया, पोलो जीटी, अबार्थ पुंटो. नवी असताना जी परवडत नव्हती, ती आठ-दहा वर्षांनी आवाक्यात येते. गाडी दारात लागली की पहिल्या आठवड्यात काय होतं, तेही ठरलेलं: इंजिन धुऊन चकाचक, स्कॅनर लावून बिघाडाचे सगळे कोड साफ, दुकानात मिळेल ते ऑईल, आणि महिना उलटायच्या आत रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं.

यातलं एकही काम मुळात वाईट नाही, क्रम तेवढा उलटा आहे. जुन्या गाडीतली घाण, गळतीचे डाग, जुनं ऑईल, साठलेले कोड हे सगळे साक्षीदार असतात. विकणारा जे सांगत नाही ते हे सांगतात. आपण पहिल्याच दिवशी त्यांना धुऊन, ओतून, पुसून टाकतो आणि मग सहा महिन्यांनी विचारत बसतो, 'अचानक असं कसं झालं?'

मी उदाहरण घेतोय स्कोडा लॉरा १.८ टीएसआयचं, कारण माझ्याकडे तीच आहे. गाडी दुसरी असेल तर क्रम हाच ठेवा, आकडे मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. एमएच (महाराष्ट्र) नंबरची गाडी केए (कर्नाटक) नंबरवर आणण्याची एनओसी आणि टॅक्सची भानगड हा वेगळाच विषय, त्यात इथे शिरत नाही.

तयारी

गाडीच्या किमतीच्या निदान दहा टक्के पैसे बाजूला काढा. ते नसतील तर थोडी स्वस्त गाडी बघा. हे स्पष्ट सांगतो, कारण 'इंजिन मस्त आहे, काही लागणार नाही' हे वाक्य मी तरी प्रत्येक व्यवहारात ऐकलंय.

सामान आधी मागवा, गाडी मग उघडा. चेसिस नंबर देऊनच पार्ट घ्या. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत पार्ट वेगळे निघतात. आपल्याकडे पार्ट बहुतेक कोल्हापूर, हुबळी नाहीतर पुण्याहून येतात. गाडी जॅकवर आणि पार्सल अजून पुण्यात, अशी अवस्था झाली की मिस्त्री 'सध्या जुनाच वायसर बसवूया की' म्हणतो आणि आपणही मान डोलावतो.

पहिल्या फेरीला लागणारं सामान असं: ऑईल, ऑईल फिल्टर, ड्रेन बोल्ट, चार प्लग, एअर फिल्टर, कंपनीने सांगितलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. हत्यारांत टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना), दोन जॅक स्टँड, चांगली बॅटरी (टॉर्च), पांढरा ट्रे, मापाचं भांडं. आणि एक वही. मोबाईलमध्ये लिहिलेलं पुन्हा सापडत नाही.

खबरदारी: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. टिळकवाडी-शहापूरच्या गल्लीत उतार असतोच. सपाट जागा शोधा.

टप्पा १ : गार इंजिनचा पहिला सेल्फ

गाडी रात्रभर उभी ठेवा, निदान आठ तास. सकाळी बॉनेट उघडून मोबाईल आत रोखून ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. घाई करू नका, ही संधी दिवसातून एकदाच मिळते.

दोन गोष्टी ऐकायच्या. पहिली, चालू होताक्षणी बेल्टच्या बाजूने कोरडी खडखड येते का. डब्यात चार बोल्ट टाकून हलवल्यासारखा हा आवाज असतो. ती एखादं सेकंद ऐकू आली तरी वहीत लिहा. त्याहून लांबली, किंवा रोज येऊ लागली, तर टायमिंग चेनचा (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, संशयित. मग पुढचे टप्पे थांबवा आणि थेट टप्पा ८ वाचा. दुसरी, आयडलिंगवर शिट्टीसारखा बारीक आवाज. त्याचं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

धूरही बघा. बेळगावच्या थंड सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणारच, ती इंजिन तापल्यावर गेली पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि जातच नसेल, तर कूलंट आत जातोय.

चूक: विकणाऱ्याकडे गाडी बघायला जाता तेव्हा ती आधीच गरम असते. 'आत्ताच चक्कर मारून आलो, साहेब' याचा अर्थ गार इंजिन तुम्ही ऐकलेलंच नाही.

टप्पा २ : स्कॅनर लावा, वाचा, पुसू नका

पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल इंजिनचे साधे कोड दाखवतो, सुरुवातीला तेवढा चालतो. फोक्सवॅगन-स्कोडा ग्रुपच्या गाड्यांना व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (या गाड्यांचे खास स्कॅनर) असलेला मिस्त्री सापडला तर उत्तम. प्रत्येक कोडचा फोटो काढा.

कोड एकही नाही म्हणून खूश होऊ नका. आधी 'रेडिनेस' बघा. गाडी स्वतःच्या काही चाचण्या चालता चालता पूर्ण करते. कोड पुसले की त्या चाचण्या पुन्हा शून्यावर येतात. रेडिनेस अपुरा दिसला तर समजा, परवा-तेरवा कुणीतरी कोड साफ केलेत किंवा बॅटरी काढली आहे. शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा वाचा.

हे कोड दिसले तर वहीत ठळक लिहा. पी००१६ म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा शाफ्ट) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) यांचा मेळ बसत नाही, बोट चेनकडे. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या सिलिंडरात मिसिंग, पेट्रोल नीट पेटत नाही. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. पी२१८७ म्हणजे आयडलिंगला हवा जास्त, बहुतेक वेळा कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय. पी२०१५ इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) फ्लॅपचा, या इंजिनांत तो नेहमीचाच.

थांबा: पी००१६ आणि टप्पा १ मधली खडखड दोन्ही असतील तर गाडी पुन्हा चालू करू नका. टो करून न्या.

टप्पा ३ : न धुतलेल्या इंजिनवरची गळती

इथे माझीच फजिती सांगतो. गाडी आणली त्या संध्याकाळी गॅरेजवाला म्हणाला, 'वॉश मारून देतो, शोरूमसारखी दिसेल.' मी हो म्हणालो. दिसलीही. तेराव्या दिवशी निपाणीहून परतताना तवंदी घाटाच्या चढावर कूलंटचा लाल दिवा लागला. ट्रकच्या रांगेत कडेला घेतली, तास-दीड तास बसलो. वॉटर पंपच्या जोडावरून कूलंट झिरपत होता, आणि तो आजचा नव्हता. जोडाच्या मागच्या खाचेत, प्रेशरचं पाणी जिथे पोचलं नाही तिथे, गुलाबी पापुद्रा तसाच शिल्लक होता. बाहेरचा पापुद्रा मीच पैसे देऊन धुऊन टाकला होता.

तेव्हा बॅटरी घ्या आणि या जागा बघा:

१. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं घर इथे असतं, ते प्लास्टिकचं आहे आणि वयानुसार वाकतं, चिरतं. गुलाबी किंवा पांढरट खडे दिसले तर गळती जुनी आहे.
२. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाचा तळ. इथला ऑईलचा थेंब म्हणजे मागचं सील गेलेलं असू शकतं. तेच थेंब वरच्या व्हॅक्यूम पंपवरून ओघळून खाली येतात. म्हणून खालचा डाग बघून निवाडा करू नका, ओघळाच्या रेषेने वर जा.
३. टायमिंग कव्हर, व्हॉल्व्ह कव्हरच्या कडा, टर्बोला जाणाऱ्या ऑईल पाइपांचे जोड.
४. वायरिंग. पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनखाली मुक्कामाला येतात, आणि शेताकडेच्या घरात तर बाराही महिने. वरचं प्लास्टिक कव्हर काढून कुरतडलेल्या वायरी आणि लेंड्या शोधा. एअर फिल्टरच्या डब्यातही बघा, मला तिथे भुईमुगाची टरफलं मिळाली होती.

सगळ्याचे फोटो झाले की आता खुशाल पुसा. फडकं आणि डीग्रीझर पुरतं. प्रेशरचं पाणी कॉइल आणि कनेक्टरवर कधीच मारू नका. पुसल्यावर दोनशे किलोमीटर चालवा आणि त्याच जागा पुन्हा बघा. ताजा ओलावा कुठे, ते आता लगेच कळेल.

टप्पा ४ : प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन

ऑईल बदलण्याआधी हे करा. कॉम्प्रेशनच (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर) गेलेलं असेल तर महागडं ऑईल ओतून काय मिळणार?

इंजिन कोमट हवं, हात टेकवता येईल इतपत. कडक तापलेल्या ॲल्युमिनियम हेडमधून प्लग ओढून काढले तर आटे जातात, आणि गेलेल्या आट्यांचं काम म्हणजे हेड खाली. कॉइल सरळ वर उचला, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. प्लग काढताना क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवा: बेल्टच्या बाजूचा पहिला, मग दुसरा.

चारही फिकट तपकिरी असतील तर छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. ओलसर तेलकट म्हणजे ऑईल वर येतंय. पांढरा पडून फोड आलेला प्लग म्हणजे तो सिलिंडर गरजेपेक्षा गरम चाललाय, अशा गाडीवर आधी रिमॅप झालेला असण्याची शक्यता धरा. आणि तिघे तपकिरी पण एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर आनंद मानू नका, तिथे कूलंट शिरत असेल.

कॉम्प्रेशन घेताना चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचा पुरवठा बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला सारखेच सेल्फ द्या. या इंजिनात आकडे ११ ते १४ बारच्या आसपास अपेक्षित असतात आणि चौघांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे आकडा गोव्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी येतो. मालवणच्या मित्राच्या गाडीशी तुलना करून घाबरू नका. चौघांतला फरक बघा.

नवे प्लग बसवताना हाताने आटे पकडू द्या, मग टॉर्क रेंच. या इंजिनाला २५ ते ३० न्यूटन-मीटर. मिसिंगचा कोड असेल तर कॉइल लगेच विकत घेऊ नका. कोड दुसऱ्या सिलिंडरचा असेल तर त्याची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी०३०२ चा पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. झाला नाही तर तुमचे पैसे वाचले.

खबरदारी: थेट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या हाय प्रेशर पाइपचा नट सहज म्हणून सैल करू नका. आत शंभर बारच्या वर दाब असतो.

टप्पा ५ : ऑईल सोडताना बघा

दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑईल गरम करा आणि पांढऱ्या ट्रेमध्ये सोडा. किती निघालं ते मोजा. या इंजिनात फिल्टरसह साधारण ४.६ लिटर लागतं. साडेतीनच निघालं तर आधीचा मालक ऑईल बघतच नव्हता, ही मोठी माहिती आहे.

ट्रे उन्हात तिरका धरा. करडी झाक चालते. चमचमते कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड. न चिकटणारी चमक म्हणजे बेअरिंग किंवा ॲल्युमिनियम, तिथे थांबून जाणत्या इंजिनवाल्याला दाखवा. आता फिल्टर कापा. हे काम कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. कापताना किसाचा भुसा आत पडणार नाही असं बघा, कागदाच्या घड्या उघडून पसरा. काळे-तपकिरी प्लास्टिकचे ठिसूळ तुकडे मिळाले तर चेनच्या गाइडचे असू शकतात. वहीत लिहा, टप्पा ८ ला कामी येतील.

झाकणाच्या आतली दुधाळ साय पावसात, फक्त मार्केटपर्यंत फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही धरते. तीच डिपस्टिकवर आणि ट्रेमध्येही असेल तरच कूलंटचा संशय घ्या.

मोठी चूक, इंजिन फ्लश: जुन्या, न बघितलेल्या इंजिनात फ्लशची बाटली ओतू नका. साठलेला गाळ एकदम सुटतो आणि सम्पमधल्या (इंजिनच्या तळाच्या ऑईल टाकीतल्या) ऑईल पंपच्या जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं ऑईल दोनदा लवकर बदला: पहिल्यांदा आता, दुसऱ्यांदा हजार-दीड हजार किलोमीटरला. गाळ हळूहळू निघतो. त्यानंतर दर साडेसात हजारांना. पंधरा हजारांचा आकडा पुस्तकात राहू दे.

डब्यावर ५डब्ल्यू-४० एवढंच बघून भागत नाही, मागच्या बाजूला व्हीडब्ल्यू ५०२ ०० असं छापलेलं हवं. ड्रेन बोल्ट नवा, ३० न्यूटन-मीटर. चार लिटर ओता, मिनिटभर चालू करा, पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघत थोडं थोडं भरा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका.

टप्पा ६ : कूलंट

टाकीचं झाकण इंजिन पूर्ण गार असतानाच उघडा. जुना कूलंट बाटलीत घेऊन उजेडात धरा. स्वच्छ गुलाबी असेल तर ठीक. गढूळ तपकिरी असेल तर कुणीतरी बोअरचं पाणी किंवा हिरवा कूलंट मिसळलाय. वर तेलाचा तवंग असेल तर ऑईल कूलर किंवा हेड गॅस्केट तपासा. नवा भरताना निम्मा कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हवा निघेपर्यंत हीटर चालू ठेवून गाडी गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, पातळी बघा. हे दोनदा करा.

वॉटर पंपच्या घरावर खडे दिसले असतील तर बाहेरून सिलिकॉन लावून चालवू नका. पूर्ण घर बदला, आणि ते फिरवणारा छोटा बेल्टही सोबतच.

टप्पा ७ : हवेचा रस्ता

एअर फिल्टर कागदाचाच ठेवा. खानापूर-जांबोटीकडची लाल माती पिठासारखी बारीक असते. तेल लावलेल्या धुण्याच्या फिल्टरमधून ती जास्त आत जाते, आणि फिल्टरला तेल जास्त झालं तर एअर मास सेन्सर घाण होतो. आवाज मस्त येतो हे मान्य, मीही वर्षभर वापरलाय.

पीसीव्ही म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ पुन्हा हवेच्या रस्त्यात सोडणारा व्हॉल्व्ह. त्याची चाचणी फुकट आहे. आयडलिंगवर ऑईलचं झाकण हळूच सैल करा. इंजिन थोडं अडखळलं तर चालतं. पण झाकण ओढूनही निघत नसेल, किंवा डिपस्टिक वर घेताच शिट्टी थांबत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. आज हा व्हॉल्व्ह बदला. नाहीतर तो पुढे मागचं सील घेऊन जातो आणि मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज पाइप हाताने दाबून, वाकवून चिरा शोधा. आत ऑईलचा पातळ लेप असतोच, थेंब साठले असतील तर नाही चालत.

थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचत जातो. गाडी ७०-८० हजारांच्या पुढे असेल, सकाळी मिसिंग करत असेल आणि कॉइल-प्लग ठीक असतील तर मॅनिफोल्ड काढून साफ करा. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या तिथे पोचत नाहीत. आणि एक खास आपल्या गावची सूचना: उद्यमबागेत फाउंड्र्यांमुळे शॉट ब्लास्टिंग, सँड ब्लास्टिंग हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून कुणीतरी 'तिथनं मारून आणूया की' म्हणेलच. अजिबात नको. वाळूचा एक कण आत राहिला तरी सिलिंडरला ओरखडा. ब्लास्टिंगसाठी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मिळत नसेल तर क्लीनर, ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन हातानेच करा, व्हॉल्व्ह पूर्ण बंद असलेल्या सिलिंडरचंच. दिवस जातो.

टप्पा ८ : टायमिंग चेन

या चेनला कंपनीने बदलायचे किलोमीटर दिलेले नाहीत, त्याचा अर्थ लोक 'आयुष्यभर चालते' असा काढतात. टेन्शनर हा खरा कच्चा दुवा. या इंजिनाच्या जुन्या टेन्शनरची अडकण सुटून चेन सैल पडल्याची उदाहरणं गाजलेली आहेत, नंतर त्याची सुधारित आवृत्ती आली. चेन एक-दोन दात सरकली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

व्हीसीडीएसवर कॅमशाफ्टचा फेज दाखवणारा आकडा असतो. तो शून्याजवळ हवा आणि महिन्यागणिक सरकता नको. कुठला टेन्शनर बसलाय ते खालच्या कव्हरच्या तपासणी-भोकातून दिसतं. जुना असेल तर खडखडीची वाट बघू नका. टेन्शनर, गाइड आणि चेन एकत्र बदला. हे काम लॉकिंग टूल असलेल्यानेच करावं, खुणा पेनाने रंगवून नव्हे.

खबरदारी: संशय असेल तर गाडी पुढच्या गिअरमध्ये टाकून मागे ढकलू नका. इंजिन उलटं फिरलं की दुबळा टेन्शनर मागे सरकतो.

टप्पा ९ : घाटाची परीक्षा

बेळगाव, काकती, वंटमुरी, संकेश्वर, तवंदी घाट उतरून निपाणी आणि परत. दीडशे किलोमीटर, चढ-उतार आणि हायवे दोन्ही. पावसात चोर्ल्याला जाऊ नका, कणकुंबीच्या पुढे थांबायला जागा मिळत नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. तो मोठ्या टप्प्यात ९० वरच चिकटून राहतो. सोबतच्याला स्कॅनरवर कूलंटचं खरं तापमान वाचायला सांगा. परतीला निपाणीकडून तवंदीच्या चढावर ते १०५ च्या आसपास जाऊन सपाटीवर खाली आलं पाहिजे. चढत राहिलं तर पंखा, पंप, थर्मोस्टॅट पुन्हा तपासा. घाट चढून लगेच गाडी बंद करू नका, एखाद-दोन मिनिटं सावकाश चालवा. बंद केल्यावर पंखा किंवा छोटा पंप फिरत राहिला तर बॅटरीची वायर काढायला धावू नका, टर्बो गार करायचं काम ते करतात.

परतल्यावर टप्पा ३ च्या सगळ्या जागा पुन्हा बॅटरी मारून बघा, आणि कोड पुन्हा वाचा.

आता वहीत हजार किलोमीटरचा हिशेब ठेवा. दर दुसऱ्या पेट्रोलला, गार इंजिनवर, सपाट जागी डिपस्टिक, आणि भरलेलं ऑईल मिलीलिटरमध्ये. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालतो असं लिहिलेलं असतं. माझ्या मते दोनशे मिलीलिटरच्या पुढे गेलं की पीसीव्ही आणि टर्बोचं सील पुन्हा बघावं, आणि अर्धा लिटर गाठला तर पिस्टन रिंगचा खर्च मनात धरूनच पुढचं ठरवावं. रिमॅपवाल्याला फोन करायचा तो ही वही समोर ठेवून. त्यानेही ती मागितली नाही, तर दुसरा शोधा.